अर्ध्यावर ठेवलेली कात्री

मखमलीचा ताका कापण्याच्या टेबलावर आडवा टाकून थोरली म्हणाली, "हा मी बाहेरच्या मास्तरांकडून कापून घेणार आहे." बोलताना तिने धाकटीकडे पाहिलं नाही. ताक्यावर नसलेली धूळ झटकत राहिली.

पडदे शिवणाऱ्या या घरात असं वाक्य आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. खाली कारखाना, वर संसार. मध्ये एक अरुंद जिना. सासूबाईंची नजर धड होती तोवर मोठी कात्री त्यांच्या हातात असे. पुढे डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी ती थोरलीला न देता धाकटीच्या हाती दिली. थोरलीने ते मनाला लावून घेतलं नाही. आपला हात मशीनवरचा, हिचा हात कापडावरचा, हे तिला दिसत होतं. एकीने कापावं, दुसरीने शिवावं, आणि धाकटीच्या नवऱ्याने शिडी-ड्रिल घेऊन जाऊन ते लोकांच्या खिडक्यांवर टांगावं, असं चाललं होतं. थोरलीचा नवरा अकाली गेला तेव्हाही मशीन थांबलं नाही, कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कात्री चालत होती. जावा-जावांचा उभा दावा असतो म्हणतात. इथे दावा मांडायला दोघींनाही सवड नव्हती.

आता मात्र धाकटीच्या अंगानेच दावा मांडला होता.

दुखणं खांद्यातून सुरू झालं. कापणाऱ्या बाईचा खांदा दुखायचाच, म्हणून तिने तेल चोळलं. मग ते पाठीत उतरलं, मांड्यांत शिरलं, पोटऱ्यांत बसलं. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर कुणी काठीने झोडपून अंथरुणात टाकल्यासारखं अंग. नुसता पदर खांद्यावरून सरकला तरी कातडी चुरचुरे. आणि डोक्यात धुकं. खिडकीचं माप कागदावरून वाचून टेबलापाशी येईतो विसरायची, परत जायची, परत विसरायची. जी बाई सबंध घराच्या खिडक्या तोंडपाठ ठेवायची, ती!

रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले, आणखी कसलं कसलं यंत्र झालं. सगळं निर्मळ. डॉक्टर म्हणाले, काही नाही, आनंदात राहा. काही नाही असं ऐकून जिला रडू यावं, अशी ती दवाखान्यातली पहिलीच नसेल.

"दुखण्याला पाय फुटलेत की काय गं?" थोरली म्हणायची. "काल खांद्यात होतं, आज मांडीत. उद्या शेजारणीकडे जाईल." आधी ती हसत म्हणायची. पुढे हसणं गळालं आणि वाक्य तेवढं राहिलं.

तिचाही दोष नव्हता. तिला दिसत काय होतं? एक दिवस धाकटी उजाडताच खाली उतरे, दिवसभर कापी, वर भांडी घासे, शेजारणीच्या ब्लाउजलाही हात लावी. आणि पुढचे कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही. बरा दिवस उगवला की तिला वाटे, आजच सगळं फेडून टाकावं, उद्याचं कुणी पाहिलंय. बघणाऱ्याला वाटे, काल करता येत होतं, मग आज का येत नाही? देह हा मोठा अवघड सोबती. त्याचं बोलणं फक्त आतल्याला ऐकू येतं, आणि साक्षीला बाहेरच्या कुणाला बोलवता येत नाही.

शेवटी संधिवाताच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तिला सावकाश तपासलं, झोपेचं विचारलं, धुक्याचं विचारलं, आणि दुखण्याला नाव दिलं: फायब्रोमायल्जिया. झोप लागावी म्हणून एक छोटी गोळी दिली आणि म्हणाल्या, "खरं औषध गोळीत थोडं आणि हालचालीत जास्त आहे. फिजिओथेरपिस्टकडे जा."

नाव जिभेवर बसायला घरात आठवडा गेला. नवरा म्हणाला, "एवढं लांब नाव आहे म्हणजे दुखणं खरंच असणार."

फिजिओथेरपिस्ट बाईंची खोली एका किराणा दुकानाच्या वर होती. दोन पलंग, भिंतीला आरसा, कोपऱ्यात रंगीत रबरी पट्टे. बाई कमी बोलायच्या आणि बोलल्या की पुरतं बोलायच्या.

"तुमचं हाड मोडलेलं नाही, सांधा झिजलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण अंगातून मेंदूकडे दुखण्याची वर्दी जाते ना, ती व्यवस्था फार जागी झालीय. दारावर कुणी बोटाने टकटक केलं तरी आतल्याला दार फोडल्यासारखं ऐकू येतंय. टकटक खरी आहे, घाबरणंही खरं आहे. सोंग नाही."

सोंग नाही, हे दोन शब्द धाकटीने पदरात गाठ मारल्यासारखे घरी आणले. पण घरी ते सोडून दाखवायचं धाडस झालं नाही.

बाईंनी व्यायाम दिले ते पाहून तिला हसूच आलं होतं. मान हळू फिरवणं, खांदे वर-खाली, खुर्चीतून उठणं-बसणं, पोटऱ्यांना ताण, आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून परत येणं. एवढंसंच. "रोज एवढंच करायचं," बाई म्हणाल्या. "आठवड्याने भेटू, मग पुढचं."

पहिले काही दिवस अंग असं जड होतं की ते एवढंसंही झालं नाही. मग एक बरा दिवस उगवला. धाकटीने केस बांधले, खोलीचं दार लोटलं, आणि आठवड्याचे सगळे व्यायाम एकामागून एक उरकून टाकले. गल्लीच्या टोकापर्यंत इतक्या वेळा गेली-आली की कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने विचारलं, "काही हरवलंय का?" रात्री समाधानाने झोपली. सकाळी तिला कूस बदलता येईना. नवऱ्याने पाण्याचा पेला ओठांशी धरला, तिला तो धरवत नव्हता म्हणून.

तेव्हा थोरलीचा तोल गेला. "व्यायामाने माणूस उभं राहतं की आडवं होतं? बंद कर ते सगळं. पडून राहा. आणि काम मी बघते." ताका आणून टाकला तो त्याच दिवशी. एका नाट्यगृहाच्या रंगमंचाचा पडदा होता, गडद लाल मखमलीचा. असं काम या घराकडे प्रथमच आलं होतं.

धाकटी कशीबशी खाली येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिला कळत होतं, जाऊबाई रागाने बोलत नाहीत, धास्तीने बोलतायत. पण एकदा मास्तर या टेबलाशी उभा राहिला, की पुढच्या ताक्यालाही तोच उभा राहणार. मग ती कोण? वरच्या मजल्यावर पडून असलेली एक आजारी बाई.

"एकदा माझ्याबरोबर त्या बाईंकडे चला," ती म्हणाली. "मग मास्तरांना बोलवा. मी अडवणार नाही."

"येते की. मलाही विचारायचंच आहे त्यांना."

थोरली गेली ती भांडायच्या तयारीने गेली. खुर्चीवर टेकली नाही तोच म्हणाली, "बाई, आमची चालती-बोलती माणूस तुम्ही आडवी केलीत."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "काय झालं?"

धाकटीने सांगितलं. बाईंचा चेहरा गोंधळला. "पण आठवड्याचं सगळं एका दिवशी का केलंत?"

आता गोंधळायची पाळी धाकटीची होती. इतकी उघड गोष्ट विचारावी का लागते? "एका बैठकीत केलेलं एकसारखं पडतं ना," ती म्हणाली.

मग थोरलीनेच ते समजावलं, आणि समजावताना नकळत तिचा आवाज सासूबाईंसारखा झाला. ताका उलगडला की शेवटचा पट्टा कापून होईपर्यंत टेबल सोडायचं नाही. कापड हवेने सैलावतं. माणूस उठून परत आला की त्याचा हात बदललेला असतो. आज अर्धं, उद्या अर्धं कापलं तर पडदा टांगल्यावर ते दिसतं. गिऱ्हाइकाला दिसत नसेल, पण आपल्याला दिसतं. "आमच्या घरात अर्ध्यावर कात्री ठेवलेली कुणी पाहिली नाही," ती म्हणाली.

"हे मला आधी विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी फक्त रोज करा म्हटलं. का, ते सांगितलं नाही. चूक माझी." मग थोरलीकडे वळून म्हणाल्या, "कापडाचं तुमचं बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही. पण कापड दुसऱ्या दिवशी विव्हळत नाही. यांचं अंग विव्हळतं. बऱ्या दिवशी जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी अगदीच सोडायचं नाही, सगळी गोम तेवढ्यात आहे. आणि दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नाही. दुखायच्या आधी थांबायचं."

"दुखायच्या आधी माणूस थांबेल कशाला?" थोरली म्हणाली. "बाई, खरं सांगू? मला हे काही दिसत नाही. तपासण्यांत दिसत नाही, अंगावर दिसत नाही. मी मानायचं तरी कशावरून?"

धाकटीने मान खाली घातली. इतक्या महिन्यांत जाऊबाई हे प्रथमच उघड बोलल्या होत्या, आणि ऐकल्यावर उलट बरं वाटलं, जसं गळू फुटल्यावर वाटतं.

"कापडावर खडूने रेघ मारता, तेव्हा किती जोर लावता?" बाईंनी विचारलं.

"जोर कसला? खडू टेकवायचा नुसता."

"मग अंगठा तेवढाच यांच्या खांद्यावर टेकवा."

थोरलीने अंगठा टेकवला. धाकटीला ओरडायचं नव्हतं, म्हणून तिने दात आवळले. पण डोळ्यांचं कुणाच्या हाती असतं? पाणी आलं ते आलंच. थोरलीने विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

रोज सकाळी ती धाकटीला उठवायला वर जाई. "ऊठ गं, सूर्य डोक्यावर आला," म्हणत तिच्या पाठीवर थाप मारी. मायेनेच मारी. गेली कित्येक वर्षं.

"कधी बोलली नाहीस ती?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही मायेने उठवायचात," धाकटी म्हणाली.

थोरली खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली किराणा दुकानात कुणी तरी डाळीचं पोतं उतरवत होतं, ते तिने शेवटपर्यंत पाहिलं. परत येऊन म्हणाली, "बाई, हे बरं होईल का?"

"वचन देत नाही," बाई म्हणाल्या. "आटोक्यात येतं. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणी कामं करतात, घरं चालवतात. पण पडून राहून नाही, आणि झपाटल्यासारखं करूनही नाही. यांना टेबलापासून तोडू नका. टेबलाशी कसं उभं राहायचं तेवढं बदला."

परतल्यावर घराच्या पायरीशी थोरली म्हणाली, "मास्तरांना थांबा म्हणून सांगते. नाट्यगृहवाल्यांना घाई नाहीये. पण तू कापणार असशील तर त्या बाई सांगतील तसं. माझ्यादेखत."

मग गल्लीच्या टोकापर्यंत चालणं सुरू झालं. नवरा बरोबर चाले. बरा दिवस असला की धाकटीचे पाय कोपऱ्यापुढे वळत, आणि तो सायकलवाल्याच्या दुकानापाशी रस्ता अडवून उभा राही. "हद्द संपली," तो म्हणे. "पुढे दुसऱ्याचं राज्य." वाईट दिवशी ती उंबऱ्यातच म्हणे, आज नको. तेव्हा तो म्हणे, "अगं, अर्ध्या गल्लीपर्यंत तरी चल, मला त्या सायकलवाल्याला तोंड दाखवायचंय." तिला चिडायलाही त्राण नसे, म्हणून ती चाले. आश्चर्य असं, की अर्ध्या गल्लीने अंग आणखी बिघडत नसे.

खांदे वर-खाली, खुर्चीतून ऊठबस, संथ श्वास. श्वास सोडताना ती मनात देवाचं नाव घेई. बाईंनी तसं सांगितलं नव्हतं, पण नावाला अडकलेला श्वास आपोआप लांबतो, हे तिला सापडलं. दुखणं गेलं नाही. घरातल्या खाष्ट पाहुण्यासारखं ते राहिलंच, पण आता दिवसभर त्याच्याच ताटाशी बसावं लागत नव्हतं. झोप थोडी झोपेसारखी लागू लागली. हळूहळू बाईंनी हद्द सायकलवाल्याच्या पुढे नेली. मध्ये एकदा पुन्हा आडवी पडली, तेव्हा थोरली वर आली, थाप मारायला उचललेला हात तिने खाटेच्या कडेवर ठेवला आणि म्हणाली, "काही घाई नाही."

एका सकाळी मखमल टेबलावर उलगडली गेली.

टेबलाचे पाय नवऱ्याने लाकडी ठोकळ्यांवर चढवले होते, पाठीला वाकावं लागू नये म्हणून. धाकटीने लवीवरून हात फिरवून दिशा पाहिली, खडू टेकवला, रेघ ओढली. माप थोरलीने वाचलं, तिने नुसतं ऐकलं. विसरायला मध्ये जागाच ठेवली नाही. मग कात्री चालली. तिचा तो आवाज या घरात बऱ्याच दिवसांनी उमटला. मशीनवर बसलेली थोरली शिवायची विसरून ऐकत राहिली.

दुसरा पट्टा अर्धा झाला आणि धाकटीचा हात थांबला. दुखत नव्हतं. खरं सांगायचं तर हात इतका गोड चालला होता की आज सगळा ताका उतरला असता. नेमकं तेवढ्यासाठीच थांबायचं होतं. तिने कात्री उघडीच टेबलावर ठेवली, तिची पाती कापलेल्या आणि न कापलेल्या मखमलीच्या मधोमध.

थोरली उठून आली. अर्धवट चिरलेला तो पट्टा तिने पाहिला आणि तिचा हात आपसूक कात्रीच्या मुठीवर गेला. ही काय दोन मिनिटांची बाब, तीही उरकू शकली असती. सासूबाई असत्या तर त्यांनी एव्हाना कात्री हिसकावून घेतली असती.

"जाऊबाई, दुसऱ्याच्या हाताने तर आणखी दिसेल," धाकटी हळूच म्हणाली.

"मी कुठे काय करतेय," थोरली म्हणाली आणि हात काढून घेतला. तिने लोखंडी वजनं आणून मखमलीच्या कडांवर ठेवली, वरून पांढरी चादर पांघरली, चारी बाजूंनी खोचली. मग स्टूल ओढून धाकटीच्या शेजारी बसली. "आता काय करायचं असतं?"

"बसायचं. खांदे सैल सोडायचे. श्वास."

"नुसतं बसायचं? मला नाही गं जमणार."

"मलाही जमत नव्हतं."

थोरलीने खांदे सैल सोडून पाहिले. तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, हे तिला तेव्हा कळलं. "बाई गं," ती स्वतःशीच म्हणाली. दोघी तशाच बसून राहिल्या. चादरीखाली ती लाल मखमल अर्धवट पडून होती आणि आभाळ काही कोसळलं नाही.

पडदा असा थांबत-थांबत कापून झाला. मध्ये एक वाईट दिवस आला, तेव्हा धाकटीने खाली येऊन एकच रेघ ओढली आणि वर गेली. थोरलीने शिवायला घेतला तेव्हा मशीनही मधूनमधून थांबू लागलं. विचारलं तर म्हणे, दोरा संपला.

नाट्यगृहात पडदा टांगला त्या दुपारी तिथे कुणी नव्हतं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, रंगमंचावर पिवळा दिवा, आणि उंच शिडीवर नवरा शेवटचे हूक आवळत होता. पडदा सुटला आणि जमिनीपर्यंत जड, संथ उतरला. दोघी जावा पहिल्या रांगेपुढे उभ्या राहून बघत होत्या.

उजव्या अंगाला, जिथे कात्री अर्ध्यावर ठेवली होती, तिथे लवीची चमक किंचित मोडली होती. केसाएवढी. नाटक बघणाऱ्या कुणालाही ती जन्मात दिसली नसती. धाकटीला दिसली. आणि जाऊबाईंची नजरही तिथेच खिळलीय, हेही दिसलं. सासूबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या दिवशी धाकटीचं अंग हलकं होतं. इतका बरा दिवस बऱ्याच काळात आला नव्हता. शिडी लावलेलीच होती. वर चढून तेवढी शिवण उसवावी, आत घेऊन पुन्हा टाचावी, की मोड चुणीत लपेल. सगळी दुपार लागली असती, पण आज जमलं असतं. तिचं एक पाऊल शिडीकडे पडलंही.

"मला दिसतंय ते," थोरली म्हणाली.

धाकटी थांबली. "मलाही."

"ज्याला दिसायचं त्याला दिसू दे. बस खाली."

वरून नवऱ्याने विचारलं, "काय बघताय एवढं दोघी? वाकडा लागलाय का?"

"नाही भावजी, सरळ आहे," थोरली म्हणाली. "तुम्ही उतरा सावकाश."

धाकटी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर ठेवले, बोटं उघडी. शिडी अजून तिथेच होती आणि तिच्याकडे बघायचं नाही हे अवघड होतं. थोरली शेजारी येऊन बसली. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं असावं, कारण हात उचलला गेला. मग तिने तो दोन खुर्च्यांमधल्या दांड्यावर ठेवला. धाकटीने आपला हात उचलून त्याच्यावर ठेवला, आपल्याला सोसेल एवढा.